जुन्या काळचे कपडे, नाटकात आणि पडद्यावर: तुमच्याकडून वारंवार येणारे प्रश्न

संगीत नाटक बसवणारी हौशी मंडळं, गॅदरिंगवाले, परदेशातली महाराष्ट्र मंडळं आणि शॉर्टफिल्मवाली पोरं, सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. एकाच प्रश्नाचं उत्तर दोनदा नको म्हणून मध्येमध्ये नंबर दिलेत, तिकडे जाऊन वाचा.

१. रेट्रो कॉस्च्युम म्हणजे नक्की काय? कपडे जुने दिसले की झालं ना?

नाही होत. आधी साल ठरवा. १९११ चं जुनं वेगळं, १९३५ चं वेगळं आणि १९६८ चं तर अगदीच वेगळं, आणि बहुतेक वेळा जे खटकतं ते हेच की बाईच्या अंगावर १९१० ची नऊवारी, ब्लाऊज १९८० चा आणि केस कालच पार्लरमध्ये सेट केलेले. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही पण काहीतरी खोटं वाटतं हे त्याला कळतंच. त्यामुळे कपडेपटाच्या वहीत पहिल्या पानावर साल लिहा, त्याखाली गाव, त्याखाली त्या घरची आर्थिक परिस्थिती. कापड खरेदी त्यानंतर. दागिने, काठ, भरतकाम वगैरे तर त्याच्याही नंतर, कारण लांबून दिसते ती आकृती: खांदा कसा दिसतो, कंबर कुठे बांधलीये, कापड पायाशी कुठे संपतं. एवढं बरोबर असलं की साध्या सुती साडीतसुद्धा काळ उभा राहतो.

२. सौभद्र नाटक तर महाभारतातलं, मग सुभद्रा नऊवारीत कशी? हे चूक नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो फार चांगला प्रश्न आहे. संगीत नाटकाला एकाच वेळी तीन काळ असतात. एक गोष्टीचा काळ, दुसरा ते नाटक पहिल्यांदा रंगभूमीवर आलं तो काळ, तिसरा आजचा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल आणलं, १८८२ मध्ये सौभद्र, आणि त्यातली माणसं बोलतात, रुसतात, थट्टा करतात ती सगळी त्यांच्या काळच्या मराठी घरातल्यासारखी. म्हणून नऊवारीतली सुभद्रा शोभते. तुम्ही तिला टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेसारखा मुकुट आणि चमचमता घागरा घातलात तर तिची भाषा आणि कपडे एकमेकांशी बोलतच नाहीत.

शारदा मात्र १८९९ चं सामाजिक नाटक आहे, तिथे गोष्टीचा काळ आणि नाटकाचा काळ एकच, त्यामुळे तिथे मोकळीक कमी. मानापमान (१९११) काल्पनिक राज्यातलं आहे, तिथे मोकळीक जास्त, पण एक गोष्ट कपड्यांनीच सांगायचीये: भामिनी श्रीमंत आहे, गरिबीवरून धैर्यधराला नाकारते आणि पुढे स्वतः साध्या वेषात वनमाला होऊन त्याच्यासमोर येते. वनमालेची साडी जर नुसती ‘कमी भारी’ असेल तर तो प्रसंग पडतो. पोत, रंग, काठ, दागिने, केसांची बांधणी सगळंच उतरलं पाहिजे, तरी गाणारी तीच बाई आहे हे कळलं पाहिजे.

माझं स्पष्ट मत असं की जुनं संगीत नाटक करताना दुसरा काळ धरावा, म्हणजे ते नाटक जन्मलं तेव्हाची रंगभूमी. वेगळं काही करायचं असेल तर जरूर करा, पण मग पूर्ण करा, अर्धवट नको.

३. संदर्भ कुठे शोधायचे? गुगलवर सगळं लग्नातलं ‘महाराष्ट्रीयन लुक’च येतं.

खरंय, आणि ते फोटो बाजूलाच ठेवा. जुने फॅमिली फोटो बघा, स्वतःच्या घरातले, शेजाऱ्यांच्या घरातले. स्टुडिओत काढलेल्या फोटोत लोक ठेवणीतले कपडे घालून बसायचे हे लक्षात ठेवा, रोजचे कपडे तसे नसायचे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रं, दागिने आणि वाद्यं प्रत्यक्ष बघायला मिळतात. राजा रविवर्म्याची चित्रं आणि त्यांच्या छापलेल्या प्रती हा मोठा खजिना आहे, त्या प्रती घरोघरी भिंतीवर होत्या आणि देवी-नायिका कशा दिसतात याची लोकांच्या मनातली कल्पना त्यांनी घडवली. स्त्री भूमिका करणारे नट बालगंधर्व, त्यांचे भूमिकांमधले फोटो बघताना चेहऱ्यावरून नजर काढा आणि पदर खांद्यावर कुठे बसलाय, चोळीची बाही कुठे संपतीये, वेणीतली फुलं कोणत्या बाजूला आहेत ते टिपून घ्या. त्यांच्या साड्या नेसण्याची आणि फुलं माळण्याची त्या काळच्या बायका नक्कल करायच्या, म्हणजे रंगमंचावरून फॅशन घराघरात जात होती.

४. नऊवारी शिवलेली घ्यावी की खरी नेसवावी?

पात्र रंगमंचावर किती वेळ आहे आणि काय करतंय त्यावर ठरतं. गाणारी मुख्य नायिका असेल, मोठे प्रवेश असतील, कपडे बदलायला अंक संपेपर्यंत वेळ असेल तर खरी नेसवा. शिवलेल्या नऊवारीत निऱ्या इस्त्री मारल्यासारख्या एकसारख्या राहतात, बसल्यावर उठल्यावर काही हलत नाही, आणि त्यामुळे ती कपड्यासारखी न दिसता गणवेशासारखी दिसते. नेसलेल्या साडीत बाई खाली बसली की ओचा सावरते, पदर कमरेला खोचते, या हालचाली आपोआप येतात आणि अर्धा अभिनय तिथेच होतो.

नेसवताना एक गोष्ट कटाक्षाने करा. कमरेची गाठ बांधायच्या वेळी गायिकेला पोटात पूर्ण श्वास घ्यायला सांगा, तिला एक लांब तान घ्यायला लावा, आणि ती तान चालू असताना गाठ मारा. श्वास सोडलेला असताना बांधली तर पहिल्याच पदाला दम कोंडतो. आधी आत एक सुती नाडी कमरेला बांधून घ्या म्हणजे साडी तिच्यावर खोचता येते आणि गाठ आवळायची गरज पडत नाही. काष्टा मागे खोचल्यावर तिला उकिडवं बसवा, मांडी घालायला लावा, दोन पायऱ्या चढवा. सुटायचा असेल तर तिथेच सुटेल. परकर नको, आत साडीच्या रंगाच्या जवळची गुडघ्यापर्यंतची तंग चड्डी पुरते.

आणि नऊवारी एकच नसते हो. पांढरपेशा घरातली घोट्यापर्यंत येणारी वेगळी, कोळणीची गुडघ्यापर्यंतची वेगळी, लावणीची चापून बसवलेली वेगळी. सरसकट लावणीचं नेसण शारदेच्या आईला नेसवू नका, हे बघताना खरंच वाईट वाटतं.

शिवलेली कधी घ्यायची ते प्रश्न १० मध्ये आहे.

५. चोळी की ब्लाऊज? बाही कुठपर्यंत?

पारंपरिक घर असेल तर खणाची चोळी, पुढे गाठ मारलेली, बाही दंडाशी घट्ट. शिकलेलं, शहरी, पैसेवालं घर आणि साल १९०० ते १९२० च्या आसपास असेल तर बंद गळ्याचं, लेस लावलेलं, कोपरापर्यंत किंवा त्याच्याही खाली बाही असलेलं पोलकं चालतं. पुढे झंपर (जुन्या धाटणीचा ब्लाऊज) येतो, गोल साडी (काष्टा न घालता नेसायची) येते. टेलरला सांगताना ‘जुन्या पद्धतीचा’ एवढंच सांगू नका, तो त्याच्या मनाने खोल गळा आणि मागे लटकन लावून देतो. फोटो दाखवा आणि पाठ किती झाकायची ते बोटाने दाखवून सांगा.

काखेत कापडाचा छोटा चौकोनी तुकडा जोडून घ्या. हात वर केला की अख्खी चोळी वर ओढली जाते ती यामुळे जागेवर राहते आणि शिवण उसवत नाही.

६. पुरुष पात्रांना पगडी, फेटा, टोपी यातलं काय द्यायचं?

साल आणि माणूस बघून. पेशवाईतली गोष्ट असेल तर अंगरखा किंवा बाराबंदी आणि पागोटं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा पुण्यातला प्रतिष्ठित माणूस असेल तर तयार बांधलेली पगडी, लांब कोट किंवा अंगरखा, उपरणं आणि धोतर. लोकमान्यांचे फोटो सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतातच. १९१५ सालच्या कथेत पांढरी गांधी टोपी घालू नका, तिचा प्रसार १९२० च्या सुमाराचा, त्याआधी काळी टोपी किंवा पगडी.

गाणाऱ्यांसाठी खास: पगडी कानावर आली की नटाला ऑर्गन आणि तबला नीट ऐकू येत नाही आणि सूर हलतो. कानाच्या वर बसेल अशी घ्या, आत पातळ सुती कापडाची पट्टी लावा म्हणजे घाम टिपला जातो आणि पगडी घसरत नाही. बंद गळ्याच्या कोटात वरचा हूक लावून गाऊन बघायला सांगा. घशावर दाब येत असेल तर गळा अर्धा इंच सैल करा, प्रेक्षकांना तो फरक दिसत नाही.

७. आमच्याकडे स्त्री भूमिका पुरुष करतोय. हसं होऊ नये म्हणून काय करायचं?

मुळात ती गंभीरपणे करायची कला आहे, हे सगळ्या टीमने मान्य करायला हवं. कपड्यांपुरतं सांगायचं तर बाही कोपरापर्यंत ठेवा, त्याने रुंद दंड झाकला जातो. पदर दोन्ही खांद्यांवरून घ्या म्हणजे खांद्यांची रुंदी दिसत नाही. गळ्याची घाटी ठुशी किंवा चिंचपेटीने झाकली जाते. छातीला भर देताना कमी द्या, जास्त दिला की लगेच सोंग वाटतं. नितंबाला मात्र थोडा भर हवाच, नाहीतर नऊवारी सरळ खाली पडते आणि काष्टा बसत नाही. केसांचा टोप घालताना कपाळावरची केसांची रेघ जरा पुढे घ्या. आणि तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून त्याला साडीतच तालीम करू द्या, चाल कपड्यामुळे बदलते.

८. दागिने किती घालायचे?

कमी. लग्नाचा प्रसंग नसेल तर नथ, ठुशी, तन्मणी, मोहनमाळ, बुगडी, वाकी, तोडे हे सगळं एकाच वेळी अंगावर नको. रोजच्या वावरात मंगळसूत्र, कानात कुडी, हातात पाटल्या-बांगड्या एवढ्यावर मध्यमवर्गीय घर उभं राहतं. एकच प्याला नाटकातली सिंधू, म्हणजे दारुड्याची बायको, बघा, नाटक पुढे सरकतं तसं तिच्या अंगावरचं सगळं जातं आणि शेवटी ती दळण दळते. तिथे एकेक दागिना कधी गायब होतो हे दिग्दर्शकाबरोबर बसून ठरवायचं काम आहे, ती गोष्टच दागिन्यांतून सांगता येते.

कॉलर माइक लावणार असाल तर धातूच्या माळा आणि माइक एकमेकांवर आपटतात, हा आवाज हॉलभर जातो. माळ चोळीला आतून दोन टाके घालून पक्की करा. माइकचं यंत्र साडी नेसायच्या आधी कमरेच्या मागे पट्ट्यात बांधा, घाम जाऊ नये म्हणून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

९. आजीची खरी पैठणी आहे, स्टेजवर वापरू का?

शक्यतो नको. जुनं रेशीम घडीवर विरतं, वरून चांगलं दिसत असलं तरी उकिडवं बसलं की गुडघ्यावर फाटतं. घाम, मेकअप, पिना यांचे डाग जात नाहीत. तिचा फोटो काढा, काठाची रुंदी मोजा, रंग जुळवा आणि तसं नवीन कापड शोधा. अपवाद एकच: पात्र सगळा वेळ बसून आहे आणि ती नुसती शेल्यासारखी खांद्यावर घ्यायचीये, तर चालेल, पण पिन न लावता.

१०. दोन मिनिटांत कपडे बदलायचेत, कसं करू?

इथे शिवलेली नऊवारी घ्या, आणि निऱ्या फक्त वरच्या चार बोटांत शिवा, खाली मोकळ्या सोडा, म्हणजे ती प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या गणवेशासारखी दिसत नाही. बंद करायला मोठे हूक आणि टिचबटणं. वेल्क्रो टाळा, विंगेत काढताना त्याचा चर्रकन आवाज येतो आणि समोर गंभीर पद चालू असतं. आतला पोशाख आधी, बाहेरचा वरून, अशी दुहेरी रचना अंगरख्याला छान जमते. बदलायला दोन माणसं ठेवा, एक पुढे, एक मागे, आणि या बदलाची वेगळी तालीम घ्या, घड्याळ लावून.

सिनेमातही हे चालतंच. कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथैया, ज्यांना १९८३ मध्ये गांधी चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं, त्यांनी १९६८ च्या ब्रह्मचारीमध्ये मुमताजला दिलेली ती प्रसिद्ध नारिंगी साडी आधीच शिवून तयार केलेली होती. त्याशिवाय तसं नाचता आलंच नसतं.

११. साठच्या दशकातल्या सिनेमागीतांचा कार्यक्रम करतोय, सगळ्यांना पोल्का डॉट घालू का?

हे प्लीज थांबवा. ठिपक्यांचा फ्रॉक, डोक्याला पट्टी, मोठा गॉगल हे आता इतकं सरधोपट झालंय की त्यातून काहीच कळत नाही. तेव्हाच्या नायिका साडीत होत्या, चुडीदारात होत्या, तंग कुर्त्यात होत्या. साठच्या दशकाचं खरं लक्षण म्हणजे अंगाबरोबर जाणारं माप: कुर्ता कमरेला बसलेला, चुडीदाराच्या घोट्याशी भरपूर चुण्या, साडी चापून नेसलेली, ब्लाऊज आखूड आणि डोक्यावर केसांचा उंच फुगा. बेलबॉटम आणि रुंद कॉलर ही सत्तरची गोष्ट, ती मध्ये आणू नका. गाणी वेगवेगळ्या सालांची असतील तर निवेदकाचा पोशाख तटस्थ ठेवा आणि प्रत्येक गाण्याला एकच खूण बदला, प्रश्न १६ बघा.

१२. गाणं ब्लॅक अँड व्हाइट आहे. मग सगळं काळं-पांढरंच घालायचं का?

माझं उत्तर नाही. रंगमंचावर माणसाची कातडी तर रंगीतच राहते, त्यामुळे राखाडी साडीतली बाई निस्तेज दिसते, जुनी दिसत नाही. त्या सिनेमांच्या सेटवर रंगीत कपडे असायचे, फक्त ते फिल्मवर कसे उतरतील हे बघून निवडलेले. अगदी सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग दिसायचा नाही, तो जवळजवळ काळा यायचा आणि निळा फिकट. पुढे सगळे रंग टिपणारी फिल्म आली.

तुम्हाला शॉर्टफिल्म खरंच कृष्णधवल करायची असेल तर कापडाच्या दुकानातच मोबाइलचा मोनोक्रोम मोड लावून कापडं शेजारी-शेजारी ठेवून बघा. लाल आणि हिरवा डोळ्यांना एकदम वेगळे दिसतात पण तिथे सारखेच राखाडी येऊ शकतात, आणि मग साडी आणि ब्लाऊज एकाच थानातले वाटतात.

१३. स्टेजला चालणारे कपडे कॅमेऱ्याला चालतात का?

बऱ्याचदा नाही. स्टेजवर शेवटच्या रांगेसाठी काठ रुंद घ्यावा लागतो, कॅमेऱ्याला तोच भडक वाटतो. स्टेजवर स्वस्त जर (काठातला चमकता धागा) चालून जाते, क्लोजअपमध्ये ती प्लास्टिक आहे हे लगेच दिसतं, आणि एलईडी लाइटखाली तर स्टेजवरही ती टोचते. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात थरथरतात. एकदम शुभ्र पांढरं टाळा, मोतिया घ्या, निळसर चमक असलेलं पांढरं कापड जुन्या काळाचं वाटत नाही. नेलपॉलिश, दोऱ्याने कोरलेल्या भुवया, दातांच्या तारा, हातावरचा स्मार्टवॉचचा पट्टा, हे शूटच्या आधी एकाने नुसतं बघत फिरायचं.

१४. नवीन कापड वापरलेलं कसं दिसेल?

सुती असेल तर कडक काळ्या चहात पंधरा-वीस मिनिटं बुडवा, पिळा, सावलीत वाळवा. आधी तुकड्यावर करून बघा. पॉलिस्टर चहा धरत नाही, आणि मुळात १९२० च्या पात्राला पॉलिस्टर देऊच नका, ते पडतंच वेगळं. नंतर जिथे माणूस खरंच झिजवतो तिथे पॉलिश पेपर हलक्या हाताने घासा: कोपर, कॉलरची कड, धोतराचा खालचा काठ, आणि बाई हात पुसते तो पदराचा कोपरा. सगळीकडे सारखं घासलं की ते घाण दिसतं, जुनं दिसत नाही. ठिगळ लावायचं तर त्याच रंगाच्या थोड्या गडद कापडाचं लावा, कारण ठिगळाचं कापड कमी धुतलेलं असतं.

१५. बजेट कमी आहे / आम्ही परदेशात आहोत, कुठे खर्च करू?

पैसे मुख्य पात्राच्या कापडावर आणि सगळ्यांच्या टोपांवर, गंगावनांवर खर्च करा. वाईट टोप चांगल्या साडीला खाऊन टाकतो. बाकी कोरससाठी सुती इरकल, साधी काठाची धोतरं, घरातली उपरणी. ड्रेसवाल्याकडून भाड्याने घेताना काख, हूक आणि नाड्या तपासा आणि कपडे आदल्या दिवशी नको, दोन-तीन दिवस आधी ताब्यात घ्या. गणपती आणि गॅदरिंगच्या सीझनमध्ये ऐनवेळी मापाचं काही उरत नाही.

परदेशातल्या मंडळींनी भारतात येणाऱ्या कुणाबरोबर तरी सुती नऊवारी साड्या मागवाव्यात, त्या कुणालाही होतात, मापाचा प्रश्नच नाही. शिवलेली मागवायची असेल तर कंबर, नितंब आणि कंबर ते घोटा ही मापं पाठवा. पगड्या सामानात चेपतात, आत कपडे कोंबून डब्यात ठेवा. मुख्य पात्राचे कपडे चेक-इन बॅगेत टाकू नका.

१६. मूळ सिनेमातला पोशाख हुबेहूब कॉपी करावा का?

शिकण्यासाठी जरूर करा, एकदा तरी करा, त्यातून कटिंग कळतं. पण कार्यक्रमासाठी मूळ नटीच्या बांध्यासाठी बेतलेला पोशाख तुमच्या गायिकेवर तसाच बसत नाही. त्यातली एक खूण उचला, गळ्याचा आकार किंवा पदराची पद्धत किंवा फुलांची जागा, आणि बाकी तिच्या अंगाप्रमाणे बेता. लोकांना ती एक खूण पुरते, लगेच टाळी येते.

१७. मला शिवायचं नाहीये, फक्त बघायला आवडतं. काय बघू?

मग आवाज बंद करून एक गाणं बघा, आणि नायिकेऐवजी मागच्या लोकांकडे बघा. कपडेपटाने मनापासून काम केलंय की नाही ते गर्दीत कळतं. प्रभातचा १९३६ चा संत तुकाराम बघा, त्यातल्या साध्या माणसांच्या अंगावर कपडे कसे राबलेले वाटतात ते. २०११ च्या बालगंधर्व चित्रपटाला वेशभूषेसाठी नीता लुल्ला आणि रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यात नाटकातली साडी आणि नाटकाबाहेरचं धोतर-कोट असं दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर दिसतं, तो फरक शांतपणे बघण्यासारखा आहे.

१८. एकच गायिका आधी १९११ चं नाट्यपद म्हणते आणि लगेच १९६० चं सिनेमागीत. मध्ये फक्त निवेदन आहे. काय नेसवू?

अवघड आहे पण जमतं. नऊवारी सोडा, कारण तिच्यातून साठच्या दशकात जाता येत नाही. गडद, अरुंद जरीकाठाची रेशमी पाचवारी घ्या, ब्लाऊज बंद पाठीचा आणि कोपरापर्यंत बाहीचा. पहिल्या पदाला पदर दोन्ही खांद्यांवरून, केस अंबाड्यात, गजरा आणि ठुशी. निवेदन सुरू झालं की विंगेत गजरा आणि ठुशी काढा, पदर एका खांद्यावर घट्ट पिनअप करा, अंबाड्यावर उंच फुग्याचा तयार टोप बसवा आणि कानात मोठे टॉप्स. निवेदकाला सांगून ठेवा की विंगेतून खूण येईपर्यंत थांबायचं नाही, बोलत राहायचं.